चौदापासून चोवीसपर्यंत

पुनोच्या वर, जिथे वाराही धापा टाकतो,
तिथल्या दवाखान्यात यंदा मी
दोनशे बारा बोटं टोचली.
एका थेंबाचा एक आकडा,
आकड्याची वहीत एक उभी रेघ.
पाचवी आली की चौघींवर आडवी टाकायची,
मोळी बांधावी तशी.

लिमाहून आलेला रेनान म्हणाला, आलेख काढू.
पेनातली शाई गोठलेली.
मग टेबलावर मक्याचे दाणे मांडत गेलो,
माणसामागे एक दाणा:
चौदाचा रकाना, पंधराचा, सोळाचा…
ढीग चढला, पण माथ्यावर खळगा राहिला.
"दोन वशिंडं. उंट झाला की."
उंट कुणी पाहिलाय इथे?
आमच्या लामाला वशिंडच नसतं.
बायका वेगळ्या काढल्या, पुरुष वेगळे,
तेव्हा कुठे दोन घंटा दिसल्या,
चर्चमधल्या तडकलेल्या घंटेहून सुबक.

पुस्तक समुद्राकाठी छापलेलं.
त्याचा मध्य पंधरा, प्रमाण विचलन एक.
मध्यापासून इकडे दोन पावलं, तिकडे दोन,
एवढंच प्रसामान्य अंगण.
म्हणजे माझं जवळजवळ अख्खं गाव अंगणाबाहेर:
गोठलेले बटाटे अनवाणी तुडवणारी एउलालिया,
रात्रपाळीहून चिखलासकट झोपणारा तिचा जावई,
आणि मी, अठरा पूर्णांक दोन.
पुस्तकात नेमका बसणारा एकटा रेनान,
चौदा पूर्णांक नऊ,
आणि ऑक्सिजनची नळी त्याच्याच नाकात.

हसलो आम्ही. त्याला हसताना दम लागला.
मग नळी सावरत म्हणाला,
तुमची घंटा उजवीकडे सरकलीय, इतकंच.
तिचा मध्य तुमचा तुम्ही शोधा.

उजव्या टोकाला, चोवीसच्या रकान्यात,
एकच दाणा होता.
"हा काढू? मोजण्यात चूक असेल."
दोनदा टोचलंय, मी म्हटलं. बाबा आहेत ते.
तेवीस वर्षं सोन्याच्या खाणीत.
रक्त इतकं दाट की सुई अडखळते.
रात्री उठून बसतात,
कानात घंटा वाजते म्हणतात,
आणि मी खिडकी लावून घेते,
जणू ती बाहेरून येते.

रेनान काही बोलला नाही.
वक्राची शेपटी जमिनीला कधीच टेकत नाही,
हे त्याने सकाळीच फळ्यावर लिहिलं होतं.

संध्याकाळी दाणे भांड्यात परत गेले.
सुपात कोण कोण आलं, कुणी विचारलं नाही.
वहीत चोवीससमोर ती रेघ आहे,
उभी, एकटी.
मोळी व्हायला अजून चौघं यायचे आहेत.
खाण तर चालूच आहे.