चालू नाही, पण फिरतो

आदगोंडाअण्णांनी कुंपणावरून हाक मारली,
दुपारच्या चहाच्या जरा आधी:
"तुझ्या त्या मोबाइलवर माणसं म्हशी इकत्यात म्हणं,
आमचा ट्रॅक्टर बसंल का त्यात?"

समडोळीत आमच्या दोन घरांच्या मध्ये
एक शेवगा आणि हा ट्रॅक्टर.
झाड त्यांचं, शेंगा दोघांच्या.
ट्रॅक्टर ब्याऐंशी सालचा,
मडगार्डवर पुराची मातकट रेघ,
सीटखाली कोंबडीनं मांडलेला संसार.
पाणी ओसरल्यापासून त्यानं आवाज केलेला नाही.

मी कॉम्प्युटर सेंटर चालवते. सातबारा काढते,
फॉर्म भरते, फोटोच्या मागचं पांढरं करते.
लोखंडाची किंमत करायला
मला कुणी शिकवलेलं नाही.
म्हणून आधी वही घेतली.

वजन अठराशे किलो, पुस्तकात छापलंय तसं.
त्यातला गंज किती, ते पुस्तकात नाही.
मागचे टायर: एक बरा, एकाला चीर,
चिरेत मुंग्या.
बॅटरी नाही. डायनामो नाही.
हायड्रॉलिकचा पंप आहे.
"दोन वर्सामागं नवा बसिवलाय," अण्णा म्हणाले.
"अकरा," श्रीमतीकाकू आतून म्हणाल्या,
"थोरल्याच्या लग्नाआधी."
मी अकरा लिहिलं. अण्णा शेवग्याकडं बघत राहिले.

पहिला आला मिरजेचा भंगारवाला.
सज्जन माणूस. बॉनेटवर बोटानं वाजवलं,
टरबूज बघावं तसं,
म्हणाला, किलोवर घेतो. एकोणतीस.
अण्णा त्याच्याशी बोललेच नाहीत.
काकूंनी त्याला ताक दिलं.

दुसऱ्याला नुसते कागद हवे होते,
आरसी बुक आणि नंबर प्लेट.
"बाकीचं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."
तो गेल्यावर काकू किती तरी वेळ हसत होत्या:
"नाव पायजे, माणूस नको."

अण्णांची किंमत ठरलेली, दीड लाख.
काकूंची: "नेतंय न्हवं कोण तरी? मग झालं."
माझ्या वहीत बावन्न ते अठ्ठावन्न हजार.
खोटं लिहायचं नव्हतं,
आणि खरं लिहिलं तर
अण्णांना वाचून दाखवावं लागणार होतं.
'बंद' म्हटलं की ते धोतराचा सोगा नीट करायचे.
'भंगार' हा शब्द मी टाईपच केला नाही.

मग आष्ट्याहून दस्तगीर नदाफ आला,
पिशवीत पाने, बाटलीत तेल.
भाव विचारला नाही.
इंजिनात तेल सोडून म्हणाला, उद्या येतो.
आणि आला.
पुढच्या पुलीला लांब पाना लावून
सगळं अंग त्यावर टाकलं.
काही नाही.
पुन्हा टाकलं.
पुली अंगठाभर सरकली
आणि कोंबडी ओरडत बाहेर आली.

"जाम न्हाई," एवढंच बोलला तो.

त्या अंगठ्याचे मी तेरा हजार वाढवले.
जाहिरातीत एक ओळ बदलली:
चालू नाही, पण फिरतो.
अण्णांनी ती तीनदा वाचायला लावली.

एकाहत्तरला नदाफनंच नेला.
स्वतःच्या हातानं स्वतःचा भाव चढवला
याचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही.
काकूंनी नोटा दोनदा मोजल्या,
त्यातले दोन पाचशे त्याच्या खिशात कोंबले:
"वाटंत दोर तुटला तर असू देत."
सहा अंडी व्यवहारात नव्हती,
ती बुट्टीत काढून ठेवली.

जाहिरात मी अजून काढलेली नाही.
विसरले, असं सांगते.
नंबर अण्णांचा आहे, हट्टानं घालायला लावलेला,
त्यामुळं फोन येत राहतात.
"ट्रॅक्टर हाय का?"
"गेला की ओ," काकू म्हणतात,
आणि जरा थांबून:
"मालक हायत. देऊ?"

मग अण्णा, जतच्या कुणा अनोळखी माणसाला,
दुसरा गिअर थोडा वर उचलूनच कसा टाकायचा
ते सांगत बसतात,
चहावर साय धरेपर्यंत.