खालून मोजलेलं

सड्यावर विमानतळ झाला तेव्हापासून
खाडीत तिसऱ्या काढताना आम्ही विमान मोजतो.
आधी आवाज, कातळाच्या पोटातून आल्यासारखा.
मग आवडू म्हणते, "सुटला,"
आणि कमरेएवढ्या पाण्यात, अंगठ्यानं चिखल चाचपत
आम्ही तिघी आकडे म्हणू लागतो.
बाविसाला ते माडांवर दिसतं.
तिसाला चाकं पोटात घेतं, कोंबडी पाय घेते तसं.
एकेचाळिसाला डोक्यावर.
त्याची सावली अंगावरून गेली की गार लागतं की नाही
यावरून मोतीनचं आणि माझं एकदा भांडण झालंय,
चार दिवस बोललो नव्हतो.
साठाला काही नाही. साठाला नुसतं पाणी.

हैदराबादेत लेकीचे दिवस भरत आले.
जावयानं तिकीट काढलं, मला न विचारता.
त्या दिवसापासून माझ्या घशाखाली भात उतरेना.
रात्री खाट जरा करकरली की हात भिंतीला.
नवऱ्याला सांगायची लाज वाटली.
उधाणाच्या पाण्यात त्याच्या होडीत बसून
मी पानाला चुना लावलेला त्यानं पाहिलाय.

शेवटी आवडूला म्हटलं, "होडी बुडली तर पवाक येता.
हेच्यातसून पडलंय तर काय करू?"
ती घमेलं धूत होती. बराच वेळ धूत राहिली.
"पडलंस तर खाडीत पड," म्हणाली. "आमी आसंव."

मग मी त्यात बसले.
पट्टा दोनदा लावला, दोनदा काढला.
बाजूच्या पोरानं कानातली बोंडं न काढता तिसऱ्यांदा लावून दिला.
पंखे फिरले, खिडकीची काच दातांसारखी वाजली,
आणि मी डोळे मिटून मोजायला घेतलं.

बावीस आले. माड आले नाहीत.
अजून जमिनीवरच धावत होतो.
मी लवकर सुरुवात केली होती.
"सुटला" म्हणायला आवडू कुठे होती इथे?
हातांना घाम, घामाला तिसऱ्यांचा वास,
तीन दिवस साबण लावूनही.

सासूनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं,
खाडीत पाय उचलायचा नाही, सरकवायचा.
उचललेला पाय पाकटावर पडतो.
लेकीनं पाठवलेल्या बुटात मी अंगठा सरकवला.
जरा पुढे. जरा डावीकडे.
तिथे चिखल नव्हता, कापूस का काय होतं.
तरी अंगठा शोधत राहिला, त्याला दुसरं येत नाही.
आणि पाठ खुर्चीत रुतली,
पोट मात्र मागे सड्यावरच राहिलं.

एक, मी म्हटलं. परत एकपासून.

अठ्ठाविसाला पोरगा म्हणाला, "मावशी, तुमच्याकडची का?
खाली कुणीतरी काहीतरी चमकवतंय."
"घमेलं," मी म्हटलं. डोळे नाही उघडले.
"किती जणी?"
"आता नाही दिसत."

इतक्यात कसं? एकेचाळीस व्हायचे होते.
म्हणजे माझंच चुकलं असेल,
किंवा आतून आकडे वेगळे पडत असतील.
मोतीनला हे सांगितलं तर मानायची नाही.

अंगठा चालूच होता.
अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.

साठाच्या पुढे आम्ही कधी गेलोच नव्हतो.
तिथून पुढे तिसऱ्याच मोजायच्या असत.

एकसष्ट, मी म्हटलं,
जरा मोठ्यानं.