दप्तराचं बक्कल

मोटरसायकलच्या सीटा शिवतो मी, समुद्रपूरच्या नाक्यावर.
माणसाचं माप पहिल्यांदाच घेतलं.

झिबलभाऊनं आधी शटर अर्धं ओढलं,
मग लुंगी सैल केली, तोंड भिंतीकडे.
जांघेत लिंबाएवढी गाठ.
बोटानं दाबली की गुमान आत,
खोकलला की परत दारात.

दवाखान्याचा पट्टा होता त्याच्याकडे,
उभ्या माणसासाठी केलेला.
"मी का उभाच राह्यतो दिवसभर?
पोतं उचल्याले बसा लागते ना बे!"

पहिला केला रेक्झिनचा. घामानं कंबर सोलली.
दुसरा, सोयाबीनच्या थप्पीवर चढताना
गुडघ्यापर्यंत आला, अख्खं मार्केट हसलं.
तिसऱ्याला आतून बायकोच्या जुन्या लुगड्याचं सूत,
गादीला हवाई चपलेची टाच, कडा घासून गोल,
आणि पोरीच्या दप्तराचं बक्कल.
मग पंचनं चार भोकं पाडली:
उपाशी पोटाचं, जेवल्यावरचं,
बसायचं,
उचलायचं.

"डॉक्टर म्हणते, उचलूच नको."
"मंग?"
त्यानं बक्कल ओढून पाहिलं.
हातोडी माझ्या हातातच होती.

माघात ऑपरेशन झालं. पट्टा धुऊन परत आणला.
चौथं भोक ओढून ओढून लांबट, फाटायला आलेलं,
बाकीची तीन कोरी.
"ठेव. गेंदलालले लागन.
थो परवापासून वाकून चालते.
पण कंबर नाही त्याले, काडी हाय नुसती."

दिवसभर पट्टा खिळ्याला टांगून होता.
संध्याकाळी काढला,
फाटल्या जागी चामड्याचं ठिगळ लावलं,
आणि बरंच आत
पाचवं पाडलं.