तिसरा रकाना

डिसेंबर. त्रेस आरोयोसमध्ये गहू कापणीला आलाय
आणि मी दुकानाच्या दाराला खालून रबराची पट्टी ठोकतेय,
वाऱ्याबरोबर भुसा आत यायला नको.
बाहेर नजर दमेपर्यंत गहू.
आत एक दाणा चालणार नाही.
ओमार कापणीचं यंत्र चालवतो.
रात्री मागच्या दाराशी कपडे उतरवतो,
नळीखाली डोकं धरतो,
मगच लेकाला जवळ घेतो,
मसणातून आल्यासारखा.

फळ्या सात आहेत.
पैसे चार फळ्यांपुरते.

म्हणून निवडत बसते.
कोरिएन्तेसहून आलेलं मँडिओकाचं पीठ,
मुठीत दाबलं की कुरकुरतं.
त्यात चीज घालून भाजलेले गोळे, चिपा:
ते गरम असताना
यात काय नाही, असं कुणी विचारत नाही.
हुहुयच्या डोंगरातला राजगिरा.
मक्याच्या पिठाचे आल्फाहोर,
मध्ये आटवून आटवून तांबूस झालेलं दूध.
तांदळाचा पास्ता एकाच कंपनीचा ठेवला,
दुसऱ्याकडे मिनिटभर पाठ केली
की पातेल्यात खळ.

आणि पाव. पावाचं काय सांगू.
अकरा मागवले, नऊ परत केले.
एकाला लाउतारोनं पेनानं डोळे काढले,
तो महिनाभर खिडकीत बसून होता,
बुरशी नाही, मुंगी नाही,
रस्त्यावरच्या माणसांकडे बघत.

लाउतारो नऊ वर्षांचा आहे.
वाढदिवसांना स्वतःचा डबा नेतो
आणि केक कापताना टाळ्या
सगळ्यांच्या आधी वाजवतो.
वही त्याची आहे. पहिल्या रकान्यात नाव,
दुसऱ्यात 'हो' किंवा 'नाही'.
त्याच्या जिभेवरून गेल्याशिवाय
फळीवर काही चढत नाही.
किमती मी पेन्सिलीनं लिहिते,
इथे आकडे रात्रीतून वाढतात.

बहीण म्हणाली, गव्हाच्या गावात हे दुकान?
त्यापेक्षा खाटकांच्या गल्लीत
कोबी घेऊन बस.

मंगळवारी दुपारी, गाव झोपलेलं असताना,
डॉन आन्सेल्मो एत्चेव्हेरी आला.
चारशे हेक्टर गहू. वय एकाहत्तर.
टोपी हातात, आणि टोपीत डॉक्टरचा कागद,
घड्या घालून घालून कापडासारखा मऊ.
"बायकोसाठी हवंय," म्हणाला.
बायकोला जाऊन सहा वर्षं झाली.
फुलं मीच नेली होती.
मी म्हटलं, बघा ना, सावकाश.

त्यानं पाव उचलला. अंगठ्यानं दाबला.
आयुष्यभर ओंबी तळव्यावर चोळून,
दाणा दाताखाली फोडून
कापणीचा दिवस सांगत आलेला माणूस
त्या पावाला नाक लावून उभा राहिला.
काही कळलं नाही त्याला.
"किती दिवस खायचं हे?"
"तसं नसतं, डॉन आन्सेल्मो."
पंखा फिरत होता.
बाहेरून एक ट्रक गेला, भरलेला.

चिपा गरम करून पुढे ठेवले.
पहिला उभ्यानंच खाल्ला.
दुसऱ्याला खुर्ची ओढली.
मग टोस्टच्या पुड्यातला एक चावला आणि भडकला,
"हे कुणी मागवलं? घोडा तोंड लावणार नाही!"
झोपायचं सोडून गल्ल्यामागे लपलेला लाउतारो
वही घेऊन बाहेर आला.
त्या टोस्टपुढे त्याचा 'हो' होता,
खाली दोन रेघा मारलेला.

म्हाताऱ्यानं खिशात चष्मा चाचपला. नव्हता.
मी पट्टी आणली, पानावर
आणखी एक उभी रेघ मारली.
त्यानं तिच्यापलीकडे, दुकानाच्या पाटीएवढ्या
अक्षरांत, 'नाही' लिहिलं.

दोघं वाद घालत बसले. नऊ आणि एकाहत्तर.
मी स्टूल घेतलं आणि
वरच्या फळीवरचे पिठाचे डबे
खाली आणायला लागले.
डॉन आन्सेल्मोचा उजवा खांदा
छातीच्या वर जात नाही.