पानगळीपर्यंत

आमच्या बाल्कनीतल्या तबकडीचं तोंड आग्नेयेला.
डुइसबुर्गच्या त्या इमारतीत
सगळ्याच तबकड्या तिकडे बघायच्या.
समोरच्या घरातली हानेलोरेबाई म्हणायची,
तुम्ही लोक सूर्यफुलं लावता की काय!

बाबांनी ती बसवली एका फेब्रुवारीत.
ते बाहेर पाना घेऊन, मी आत पडद्यासमोर,
मध्ये काच.
‘आलं?’
‘मुंग्या!’
‘आता?’
‘मुंग्याच!’
मग मुंग्यांतून एक बाई वर आली
आणि तोकातच्या बाजारातले कांद्याचे भाव सांगू लागली.
आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं.
म्हणाली, महागलेत.
जणू संध्याकाळी पिशवी घेऊन निघायचंच होतं.

त्याच वसंतात नगरपालिकेने समोर लिंडन लावलं.
काठीएवढं, काठीलाच बांधलेलं.
बाबांनी दोन उन्हाळे बादलीने पाणी घातलं त्याला,
जिना उतरून, कामावरून आल्यावर.
कुणाला ठाऊक होतं.

पुढे डबा बदलला, मुंग्या गेल्या.
आणि एका मे महिन्यात
बातम्या देणाऱ्या बाईचा कान हनुवटीवर सरकला,
चेहऱ्याचे चौकोन झाले,
चौकोनांचा निळा पडदा.
बाबांनी पाना काढला. तबकडी जागेवरच होती.
मग त्यांनी मान वर केली.

ऑक्टोबर सरता सरता, जसं एकेक पान गळालं
तसा देश परत आला,
आधी आवाज, मग अर्धा मंत्री.

तेव्हापासून आमच्या घरी ऋतू दोनच.
मालिकेतली सून मेमध्ये गरोदर होती,
नोव्हेंबरात तिचा मुलगा दप्तर घेऊन शाळेत निघाला.
आई म्हणाली, बघ, दिवस कसे जातात.

गृहसंस्थेला चार पत्रं गेली.
बाबा सांगायचे, मी लिहायची,
त्यांचा राग मी जर्मनमध्ये सौम्य करायची.
माननीय महोदया, झाड नको, एक फांदी.
उत्तर आलं: उन्हाळ्यात छाटणी करता येत नाही,
फांद्यांत घरटी असतात.
बाबांनी ‘घरटी’वर बोट ठेवून
तो शब्द मला पुन्हा वाचायला लावला.
म्हणाले, याला काय उत्तर लिहिणार?
आणि जूनमधल्या एका रात्री
करवत घेऊन खाली उतरले.

आम्ही दोघी खिडकीत. दिवा न लावता.
अर्ध्या तासाने ते आले.
करवतीचे दात कोरडे,
कोटाचे खिसे फुगलेले.
टेबलावर रिकामे केले तर फुलं,
फिकट पिवळी, देठांसकट.
‘हाजेर,’ आईला म्हणाले,
‘अगं, हे इहलामूर आहे.
इतकी वर्षं मी याला जर्मन नावाने शिव्या देतोय.’
आईने पाणी उकळलं.
सर्दी कुणालाच नव्हती.
तिघांनी दोन दोन पेले प्यायले,
समोर निळा पडदा, सिग्नल नाही.

आता भिंतीवर इंटरनेटचा डबा आहे.
चारशे वाहिन्या, बारा महिने.
फक्त सगळं चाळीस सेकंद उशिरा येतं:
वरच्या मजल्यावरचा इलियास आधी ओरडतो,
मग आमच्याकडे गोल होतो.
बाबा म्हणतात, यात काय मजा,
नशीब छतातून ऐकू येतं.
आई गेल्यापासून मालिका कुणी लावत नाही.

मी कामासाठी हानोव्हरला असते.
काल त्यांचा फोन आला.
‘पानं गळाली,’ म्हणाले. ‘आता स्पष्ट दिसतंय.’
‘बाबा, तबकडी तर आपण कधीच काढली.
काय दिसतंय?’
‘हानेलोरे. दिवे बंद करून टीव्ही बघते,
आवाजसुद्धा नसावा.
भिंतीवर नुसता उजेड हलतो.’
मग थोडा वेळ काही बोलले नाहीत.
‘तिचं गाव कुठलं गं?
तीस वर्षांत
विचारलंच नाही आपण.’