गुरुवार, दुपारी दोन

भेटींची वही निळ्या पुठ्ठ्याची.
तिच्यात, माझ्या अक्षरात, अर्धी खडकी आजारी आहे.
रणपिसे काकू, डायलिसिस, मंगळवार नि शुक्रवार.
बोपोडीचा शमुवेल लोंढे, नोकरी गेली,
दार उघडत नाही, तरी जाणे.
एस्तेर भालेराव, तिसरी मुलगी, सासू बोलत नाही,
बिस्किटं नेणे, सासूसाठी.

'पाळकीणबाई' अशी हाक आली
की माझे पाय माझ्याआधी चपलेत शिरतात.
रात्री अडीचलासुद्धा.
आमचे पाळक म्हणतात, थांब, मी जातो,
आणि कूस बदलतात.

उपासकाळात छातीत धडधड सुरू झाली.
आधी वाटलं, रुळांवरून मालगाडी जातेय.
गाडी गेली, धडधड राहिली.
रास्ता पेठेतल्या डॉक्टरबाईंनी
कागदाची लांब पट्टी बोटांतून सरकवली,
म्हणाल्या, हृदय ठीक आहे. झोपता किती?
मी म्हटलं, प्रार्थना करते.
त्या म्हणाल्या, मी झोपेचं विचारलं.

परतताना वाकडेवाडीला बस अडकली
आणि मी देवावर चिडले, खिडकीकडे तोंड करून.
तुझ्याच घरचं काम ना हे?
तेव्हा आठवला तो रतामाच्या झुडपाखालचा संदेष्टा,
पुरे झालं, म्हणून आडवा झालेला.
त्याला कुणी उपदेश केला नाही.
निखाऱ्यावरची भाकर दिली. पाणी दिलं.
पुन्हा झोपू दिलं.
बोलणं कितीतरी दिवसांनी, आणि तेही हळू.
पंचवीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवली ही गोष्ट,
फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून,
आणि दरवेळी भाकर घाईत चिकटवली,
कारण घंटा होत आलेली असायची.

त्या रात्री वहीत लिहिलं:
गुरुवार, दुपारी दोन. सुवार्ता आढाव. दमलेली.
लिहिताना हात कापला,
दानपेटीतले सुटे काढावेत तसा.

गुरुवारी खरोखर चपला घातल्या,
जिना उतरले, पुन्हा चढले,
भेटीला आल्यासारखी.
दुसऱ्यांच्या घरी मी पसारा पाहत नाही.
इथेही नाही पाहिला,
ना इस्त्रीचा ढीग, ना तळाशी करपलेलं पातेलं.
विचारलं, जेवलीस का?
ती गप्प.
मऊ भात टाकला, मेतकूट, तूप.
बसून खाल्ला. बसून.
फोन पिठाच्या डब्यात ठेवला होता,
तो तीनदा आतल्या आत घुमला.
शमुवेल असेल, वाटलं. घास घशात अडला.
मग गिळला.

लोकांच्या घरी माझ्या प्रार्थना लांबतात.
इथे एवढंच सुचलं:
प्रभू, ही थकलीय.
आणि आडवी झाले.
झोप लागताना मनात एकच गोष्ट,
त्या होडीत पाणी शिरत होतं, माणसं ओरडत होती,
आणि त्याच्या डोक्याखाली उशी होती.
उशी! इतक्या धांदलीत
कुणालातरी ती लक्षात ठेवावीशी वाटली.

कारखान्याच्या भोंग्याने जाग आली.
धडधड होतीच, जरा लांबून येणारी.
फोनवरचं पीठ झटकून शमुवेलला लावला.
काही नाही पाळकीणबाई, म्हणाला,
आज दार उघडून बसलोय, तेच सांगायचं होतं.

रात्री चष्मा लावून पाळक वही चाळत होते.
ही सुवार्ता आढाव, म्हणाले,
आणि पुढे काही बोललेच नाहीत.
लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदा
पूर्ण नाव तोंडात आलं होतं त्यांच्या.
मी म्हटलं, आपल्याच मंडळीतली आहे.
फार दिवस कुणी गेलं नव्हतं तिच्याकडे.