हातगुण

रात्रीचे तीन. बॅरोच्या गोदीवरचे दिवे
खिडकीच्या काचेत ओले दिसतात.
अकरा नंबरची खोली घोरते आहे.
मी स्टाफरूममध्ये, गार चहाशेजारी,
फोनवर सातवा बिल्ला मिळवायला बसले आहे.

बिल्ले षटकोनी असतात, मधमाश्यांच्या घरांसारखे.
हात धुण्याचा हिरवा.
माणूस उचलण्याचा निळा.
घास अडकण्याचा केशरी, त्याला दहात आठ लागतात, मला नऊ पडले.
'विस्मरणाची जाण, पातळी एक' हा जांभळा;
त्याची मुदत मार्चात संपते.
मार्चात मला विस्मरणाचंच विस्मरण होईल
असं सिस्टीमचं मत आहे.

हसत नाही मी बिल्ल्यांना.
आठ झाले की तासाला चाळीस पेन्स वाढतात.
चाळीस पेन्स गुणिले आठवड्याचे छत्तीस तास
भागिले गडहिंग्लजला पोराच्या मेसचं बिल,
हे गणित मला न शिकवता येतं.

शेवटची पायरी : पुरावा जोडा.
या आठवड्यात तुम्ही काय शिकलात?
अडीचशे अक्षरांत.

लिहू लागते.
मिस्टर पोसलथ्वेटना कपाचा कान डावीकडे लागतो.
उजव्या हाताची दोन बोटं
एकाहत्तर साली एका पाणबुडीच्या पोटात वेल्डिंग करताना आखडली.
हे ते सांगत नाहीत, कप सांगतो.
त्यांना 'बसा' म्हटलं की ते उभे राहतात.
पण 'या खुर्चीचा जोड जरा बघता का' म्हटलं
की वाकतात, दांड्यावरून अंगठा फिरवतात,
'चालेल' म्हणतात,
आणि तपासता तपासता आपसूक बस

चौकट लाल झाली.
म्हातारा अर्धवट वाकलेलाच राहिला तिथे.

आई चंदगडच्या सरकारी दवाखान्यात आया होती, एकतीस वर्षं.
डॉक्टर आले तरी बाळंतिणी तिचं मनगट सोडत नसत.
हिला हातगुण आहे, म्हणायचे लोक.

हा शब्द मी एकदा डॉनला समजावून सांगायला गेले,
आमच्या ट्रेनिंगचं तीच बघते, भली बाई आहे.
हात म्हणजे हात, म्हटलं.
गुण म्हणजे परीक्षेत पडतात ते,
आणि गुण म्हणजे औषधाला येतो तो,
आणि माणसाच्या अंगात असतो तोही.
डॉननं पेन उघडलं.
'किती पैकी?' म्हणाली.
अगदी मनापासून विचारलं तिनं.

निवृत्त झाली तेव्हा आईला स्टीलचा डबा दिला दवाखान्यानं.
झाकणावर नाव टाकलेलं, टोचून टोचून,
'अनसूया'चं 'अनुसया' झालेलं.
ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं,
डोळ्याजवळ धरली तर या स्क्रीनवरच्यासारखीच.
चुकीचं नाव बघून ती म्हणाली, मला हाक मारल्याशी कारण,
आणि त्यात साखर भरली.
डबा दोनदा पडला, एकदा वाटणीत भावाकडे गेला.
परवा वहिनीनं फोटो पाठवला, आत आता मीठ आहे.

मी खोडते आहे. आधी पाणबुडी खोडली.
मग बोटं.
'कप डावीकडे ठेवला' एवढं उरलं,
तेवढ्यात अकरा नंबरची घंटा.

चादर. पायजमा. गरम पाण्याचं भांडं.
कुठली पाळी चालू आहे, विचारतात ते.
रात्रीची, मी म्हणते, तुमची संपली.
हात हातात राहतो थोडा वेळ,
किती, ते कोणी मोजत नाही.

परत येते तर फोन म्हणतो :
बराच वेळ तुमची काही हालचाल नाही,
म्हणून तुम्हाला बाहेर काढण्यात आलं आहे.

चहावर साय धरलेली.
गोदीवर पहाटेचा भोंगा व्हायला अजून अवकाश आहे.
अंगठा पुसते एप्रनला,
आणि पहिल्यापासून
नाव टाकते.